मधली ओळ कुणी बदलली

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. भांडुपच्या बाजारात पापलेटचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय मी पिशवी पुढे करत नाही. मासेवाली दर वेळी म्हणते, "माझ्यावर भरोसा नाय काय?" मी म्हणते, तुझ्यावर आहे, माशावर नाही. घरातून निघाल्यावर अर्ध्या जिन्यातून परत वर जाऊन कुलूप ओढून बघते. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. पोलिसात नाही गेले, पण अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत गेले, आणि तिथे मला संशय घेण्याचाच पगार मिळतो.

हॉस्पिटलात खाटेशेजारी नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारी यंत्रं असतात, ती आम्ही बनवतो. त्या यंत्राच्या आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिमही आम्हीच बांधतो. तिचं मूळ जगात कुणालाही फुकट मिळतं. आम्ही ते आणतो, नको ते छाटतो, हवं ते घालतो आणि सगळं पहिल्यापासून बांधून काढतो. या बांधण्याला आम्ही बिल्ड म्हणतो. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा जो प्रोग्राम असतो तो कंपायलर, आणि बिल्डमध्ये खरी मेहनत त्याची. त्या सगळ्यात नाडी घसरली की बोंब मारणारा भाग माझा. अलार्म वाजला नाही तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मला तिथे काकांनी लावलं. काका आमचे नात्याने कुणी नव्हेत, पण गाववाले. त्यांचा मोठा भाऊ आणि माझे बाबा एकाच गिरणीत, एकाच खात्यात. गिरणी गेल्यावर दोन्ही घरं भांडुपला आली, आणि गावच्या मंडळाच्या बैठकांना शेजारी शेजारी सतरंजीवर बसत राहिली. काका शिकले, या कंपनीत अगदी सुरुवातीला लागले आणि तिथेच मुरले. मी डिग्री घेऊन घरी बसले होते तेव्हा एका रविवारी येऊन बाबांना म्हणाले, "पोरीक माझ्याबरोबर धाड." ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणतात, मालकांचा मुलगासुद्धा. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट.

मालकांच्या मुलाने कारभार हातात घेतला आणि पहिलं काम काढलं ते कंपायलर बदलण्याचं. काम बरोबरच होतं. जुना कंपायलर आता कुणी सुधारत नव्हतं, आणि जी नवी चिप आम्हाला यंत्रात घालायची होती ती त्याला ओळखताच येत नव्हती. नवा कंपायलर चलाख, पण भलताच कडक. जुना ज्या चुकांकडे कानाडोळा करायचा त्यावर नवा बोट ठेवायचा आणि काम थांबवून बसायचा. माझ्या अलार्मच्या भागात तर त्याने इतक्या खोड्या काढल्या की मी स्क्रीनकडे पाठ करून चहाला गेले.

बैठकीत काकांनी सगळ्यांसमोर विरोध केला. "जुनो चालता हा, माणसां त्याच्यार जगतत हत. घाई कित्याक?" मालकांचा मुलगा हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. मीटिंग संपल्यावर जिन्यात मला म्हणाला, "काकांना सांभाळ हां. ते बदलणार नाहीत तर मला बदलावं लागेल."

असा बदल एका दिवसात होत नाही. काही महिने दोन्ही कंपायलर एकाच घरात नांदतात. बिल्ड करणाऱ्या मशीनवर एक सेटिंगची फाइल असते, तिच्यात तीन ओळी महत्त्वाच्या. पहिली सांगते, नवा कंपायलर सिस्टिमसोबत बांधायचा की नाही. मधली सांगते, सिस्टिममध्ये कुणी नुसतं "अरे कंपायलर" म्हणून हाक मारली तर ओ कुणी द्यायची, जुन्याने की नव्याने. तिसरी सांगते, जुन्याला ठेवायचं की घराबाहेर काढायचं. आमची पहिली ओळ नव्याला हो म्हणत होती, तिसरी जुन्याला अजून राहा म्हणत होती. सगळा खेळ मधल्या ओळीचा. आणि ही फाइल त्या मशीनची खाजगी, बाकी कोडसारखा तिचा इतिहास कुठे जपला जात नाही. शेवटचा हात कुणी आणि कधी लावला एवढंच दिसतं, काय बदललं त्याचा पत्ता लागत नाही.

गणपतीनंतर मालकांच्या मुलाने घोषणा केली की आजपासून हाकेला ओ नवा देणार. सगळ्यांना बिल्डच्या मशीनभोवती बोलावलं, स्वतः खुर्चीत बसला, आज्ञा टाइप केली. स्क्रीनवर नव्याचं नाव उमटलं. टाळ्या झाल्या, केक कापला. काकांनी केकचा तुकडा घेतला आणि खाल्ला नाही, कागदात गुंडाळून डब्यात ठेवला. तेव्हा मला वाटलं, नातवासाठी असेल. पुढे मला त्या तुकड्यावरही संशय आला.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याची पूजा काकांच्या हातची. बिल्डचं मशीन वर्षभर बंद होत नाही, पाठीशी बॅटरी असते, दिवे गेले तरी ते चालूच. पण खंडेनवमीला काका ते बंद करतात, ओल्या फडक्याने पुसतात, पंख्यातली धूळ काढतात, कुंकवाचं बोट लावतात, झेंडूचा हार घालतात. त्या दिवशी शस्त्राला विश्रांती, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन चालू करायचं तेही तेच.

त्या आठवड्यात माझा अलार्मचा भाग बिल्डमधून सुखरूप बाहेर पडला. एक तक्रार नाही. मी दसऱ्याआधी त्यात बरीच दुरुस्ती केली होती, तेव्हा मला नवल वाटलं नाही, अभिमान वाटला. मालकांच्या मुलाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी पेढे आणले. काकांनी पेढा घेतला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरां झाला." एवढंच. मला वाटलं, नव्या कंपायलरचं यश त्यांना गिळवत नाही.

त्यानंतर काका बदलले. मी त्यांच्या टेबलाजवळ गेले की स्क्रीनवरची खिडकी मिटायची. जेवायला उशिरा यायचे. एकदा त्यांच्या मशीनवर मला जुना आणि नवा, दोन्ही कंपायलर शेजारी शेजारी चालताना दिसले, आणि मी "काय करताय?" विचारल्यावर ते म्हणाले, "काय नाय गो, टायमपास." उभ्या आयुष्यात टाइमपास न केलेला माणूस. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दिवाळीनंतर नवी चिप बसवलेला पहिला बोर्ड आला. आमचं बिल्ड त्यावर चढवलं आणि बोर्ड उठलाच नाही. काळा पडदा. मालकांच्या मुलाने माझ्याकडे दिलं, "बघ काय झालंय."

कंपायलर ज्या फाइलला हात लावतो तिच्या पोटात आपली खूण सोडतो: नाव आणि आवृत्ती. मी सहज म्हणून ती काढून बघितली. जुन्याची होती. दुसरी फाइल काढली, तीही जुन्याची. सगळी सिस्टिम जुन्या कंपायलरने बांधलेली. मागची बिल्डं काढून बघितली. गणपतीनंतरची नव्याची होती. दसऱ्यापासून पुढची सगळी जुन्याची.

मला आधी घाम फुटला तो स्वतःच्या काळजीने. म्हणजे माझा अलार्म नव्या कंपायलरपुढून गेलाच नव्हता. जुन्याने नेहमीसारखा कानाडोळा केला आणि मी पेढे वाटले. मग राग आला. मी सेटिंगची फाइल उघडली. मधली ओळ म्हणत होती: हाकेला ओ जुन्याने द्यावी. फाइल शेवटची कधी बदलली ते बघितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि बदलणाऱ्याच्या जागी काकांचं नाव.

खरं सांगते, मला त्या क्षणी दुःख झालं नाही. मासा शिळा निघाल्यावर होतो तसा आनंद झाला. बघा, म्हटलं नव्हतं मी? स्क्रीन मिटणं, पेढ्याच्या वेळचं ते बघणं, बैठकीतला विरोध, सगळं एका दोऱ्यात ओवलं गेलं. पूजेच्या निमित्ताने ऑफिसात एकटा माणूस येतो, मशीन त्याच्या हातात, आणि कुणाला संशय येत नाही. मी मनात त्यांच्यावर खटलाच भरला, आणि वकील मी, न्यायाधीशही मीच.

बोर्ड का उठत नाही हे मालकांच्या मुलाला सांगणं भाग होतं. बिल्ड जुन्या कंपायलरने झालं आहे, एवढंच सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"कुणी केलं?"

"बघते."

"बघू नको, शोध. मला नाव पाहिजे. आणि ते नाव माझ्या डोक्यात आहे तेच असेल ना, तर दोन वर्षं बिर्षं काही नाही, ते या महिनाअखेर घरी. सोमवारपर्यंत सांग."

नाव माझ्या जिभेवर होतं. मी गिळलं. का गिळलं, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

रविवारी बाबांकडे गेले. मंडळाची बैठक नुकतीच संपली होती, सतरंज्या झटकणं चाललं होतं. काका आले नव्हते. बाबा म्हणाले, "त्याका काय झाला हा? मागच्या बैठकेकय नाय इलो. कामात काय इघ्न आसा काय गो?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? स्वतःची कामं लपवून करतात हल्ली."

बाबांनी झटकायची सतरंजी खाली ठेवली. "त्याच्याबद्दल वाकडा बोला नको. तुझी पहिली पगाराची मिठाई ह्याच सतरंजीर वाटली मां आम्ही?"

तेच तर. ज्या माणसाने मला नोकरी दिली त्याची नोकरी माझ्या एका वाक्यावर जाणार होती, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत बाबा त्याच्या भावाशेजारी मान खाली घालून बसणार होते. मी ठरवलं, सोमवारी आधी काकांनाच तोंडावर विचारायचं. त्यांनी कबूल केलं तर सांगेन, तुम्हीच जाऊन सांगा. निदान माझ्या तोंडून जायला नको.

सोमवारी मी पोचले तेव्हा काका केबिनमधून बाहेर येत होते. माझ्याकडे बघून हसले आणि सरळ आपल्या टेबलाकडे गेले. मागून मालकांचा मुलगा दारात आला आणि मला आत बोलावलं.

"सुटला तुझा प्रश्न," तो म्हणाला. "काकांनी स्वतःच सांगितलं. मधली ओळ मी बदलली म्हणाले, दसऱ्यानंतर. नव्यावर विश्वास नव्हता म्हणून. महिनाअखेर ते जातील. तू ती ओळ सरळ कर आणि नवं बिल्ड लाव."

माझा संशय खरा ठरला होता. मी जागेवर येऊन बसले. मागे काका ड्रॉवर आवरत होते. चष्म्याचं घर, एक जुना टॉवेल, पूजेची कुंकवाची डबी. डबी त्यांनी उघडून बघितली, परत मिटली आणि ड्रॉवरमध्येच ठेवली, कारण ती ऑफिसची. मला ते बघवेना, म्हणून मी कामाला लागले.

ओळ सरळ करायची तर ती आधी नेमकी कशी होती ते बघावं, म्हणून मी गणपतीनंतरचा बॅकअप काढला. केक कापला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यातली फाइल उघडली. मधली ओळ म्हणत होती: हाकेला ओ जुन्याने द्यावी.

मी दोन्ही फाइली शेजारी लावल्या. फरक एकाच ओळीत होता, आणि ती मधली नव्हती. एकाच वेळी किती कामं चालवायची, तो आकडा काकांनी दसऱ्यानंतर कमी केला होता. फाइलवरचं त्यांचं नाव आणि ती तारीख त्यासाठी. मधल्या ओळीला कुणी हात लावलाच नव्हता. ती पहिल्यापासून तशीच होती.

जे झालंच नाही, ते काकांनी कबूल कसं केलं?

आता संशय दुसरीकडून उठला आणि मला बसू देईना. माणूस चोरी लपवतो, हे मला कळतं. न केलेली चोरी अंगावर घेणारा माणूस काय लपवतो? मी उठले आणि म्हटलं, "काका, चहाला चला." ते म्हणाले, "ड्रॉवर आवरतंय." मी म्हटलं, "आवरा नंतर. चला."

आमच्या गेटबाहेर टपरी आहे, पाठीमागे गाळ्यांची भिंत आणि समोर पार्क केलेले टेम्पो. मी दोन कटिंग सांगितले आणि सरळ विषयाला हात घातला.

"मधली ओळ तुम्ही बदलली?"

"सांगलंय मां त्याका."

"ती कुणीच बदललेली नाही. गणपतीनंतरच्या बॅकअपमध्ये जशीच्या तशी आहे. तुम्ही फक्त कामांचा आकडा कमी केलाय."

काकांचा ग्लास तोंडाजवळ थांबला. "मशीन तापान पंख्याचो आवाज येय होतो, म्हणान कमी केलंय." मग म्हणाले, "मग तू नाय केलंस?"

"मी?"

"तुझो अलार्म पास होय नाय होतो. दसऱ्यानंतर एकदम पास झालो. मी खूण बघलंय तर जुन्याची. माका वाटला, पोरीन कंटाळान जुन्याक हाक मारली. डेडलाइन होती, तो मालकाचो झील डोक्यार बसलेलो. कोणय करीत."

मला आधी ऐकूच आलं नाही त्यांनी काय म्हटलं ते. मग आलं, आणि माझा पारा चढला. मी टपरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. अलार्मच्या कामात मी अशी लबाडी करीन? कुणाची तरी नाडी बंद पडत असताना यंत्र गप्प बसेल अशी? इतक्या वर्षांत हीच ओळख झाली तुम्हाला माझी? आणि दिवाळी होऊन गेली तरी एका शब्दाने विचारलं नाही?

"विचारलंय असतंय तर तुका कबूल करूचा लागला असता," काका म्हणाले. "मग माका म्हायत आसून मी गप रवलंय, असा झाला असता. म्हणान विचारूक नाय. म्हटला, आधी तुझो अलार्म नव्यार पास करूया, मग गुपचूप ओळ फिरवूया. कोणाक कळूचा नाय. सगळा झाला हा, दोनच फाइली रवल्यात."

म्हणजे मिटणारी स्क्रीन ती. जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवून ते माझा भाग दुरुस्त करत होते, नव्या कंपायलरचं एकेक बोट वाकवून बघत. ज्याला बैठकीत विरोध केला तो कंपायलर ते माझ्यासाठी शिकत होते. बैठकांना आले नाहीत तेही त्यासाठीच.

"आणि आज केबिनमध्ये?"

"तो तुका नाव शोधूक सांगता, ता माका कळला. तू काय तुझाच नाव सांगतलंस? माझी दोन वर्सां रवली. तुझी वीस आसत."

मी चहा तसाच ठेवला. मला रडूही आलं आणि रागही गेला नाही. त्यांनी माझ्यावर संशय घेतला आणि मला झाकलं. मी त्यांच्यावर संशय घेतला आणि खटला भरला. संशय दोघांचाही खोटा. तरी दोन्हीत फरक होता, आणि तो मला टपरीवर उभ्या उभ्या दिसत होता.

"काका," मी म्हटलं, "मलाही वाटलं होतं तुम्हीच केलंय."

त्यांनी माझा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "ता माका म्हायत आसा," म्हणाले. "दिवाळीपासून तू माझ्या टेबलार येताना चपला वाजवूचा बंद केलंस."

प्रश्न मात्र तसाच होता. ओळ कुणी बदलली नाही, तर गणपतीनंतर ओ नव्याने दिली कशी आणि दसऱ्यानंतर तो गप्प कसा झाला? दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं. मला केक आठवला, त्यांना खुर्चीत बसलेला मालकांचा मुलगा आठवला. त्याने फाइल उघडलीच नव्हती. बिल्ड जिथून चालतं त्या स्क्रीनवरच्या उघड्या खिडकीत त्याने आज्ञा टाइप केली होती. खिडकीत सांगितलेलं फाइलीवर मात करतं, हे खरं. पण ते तोंडी सांगणं. खिडकी उघडी आहे तोवरच. मशीन बंद झालं की तोंडचं विसरतं, आणि उठल्यावर फाइलीत लिहिलेलं वाचतं.

वर्षभर न विझणारं मशीन कधी बंद झालं? खंडेनवमीला. काकांनी ते पुसलं, कुंकू लावलं, हार घातला, विश्रांती दिली, आणि नवा कंपायलर त्या विश्रांतीत पुसला गेला. माझा अलार्म त्याच आठवड्यात पास झाला, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. इतके महिने आम्ही ज्याला मोठा बदल म्हणत होतो तो झालाच नव्हता, नुसता उच्चारला गेला होता.

आम्ही वर गेलो. मालकांच्या मुलाला मशीनजवळ बोलावलं. मी म्हटलं, "त्या दिवशी टाइप केलं होतं तेच पुन्हा करा." त्याने केलं. स्क्रीनवर नव्याचं नाव उमटलं. मग काकांनी मशीन बंद केलं, या वेळी हार नाही की कुंकू नाही, आणि चालू केलं. मी विचारलं, कंपायलर कोण? स्क्रीनवर जुन्याचं नाव.

त्याने तोच प्रश्न स्वतः पुन्हा टाइप करून बघितला. "म्हणजे मी," तो म्हणाला.

पूजेला मशीन बंद करण्याआधी मला विचारलं असतं तर, असं त्याच्या ओठावर आलं असावं, पण तो ते बोलला नाही, ही त्याची चांगली बाजू. मग त्याने काकांना विचारलं, "मग तुम्ही कबूल का केलंत?"

"त्यांना वाटलं मी केलंय," मी म्हटलं.

"आणि तुला?"

"मला वाटलं त्यांनी."

"आणि मला तर पहिल्यापासूनच," तो म्हणाला आणि थांबला. तिथे उभ्या तिघांनाही पुढचं ठाऊक होतं. मग तो काकांना म्हणाला, "महिनाअखेरचं राहू द्या. सॉरी." काका म्हणाले, "ती ओळ आधी लिव. सॉरी मगे सांग."

मधली ओळ मी लिहिली, फाइलीत, तिघांच्या डोळ्यांदेखत. काकांच्या दुरुस्त्या घालून बिल्ड लावलं आणि ते माझ्या अलार्मच्या दोन फाइलींवर अडलं, काकांनी सांगितलं होतं त्याच दोन. त्या आम्ही एका टेबलावर बसून सोडवल्या. त्यातल्या एका फाइलीत नवा कंपायलर ज्याच्यावर अडून बसला होता ती चूक खरी होती. एका विशिष्ट वेळी अलार्म उशिरा वाजला असता. जुना इतकी वर्षं तिच्याकडे कानाडोळा करत आला होता. काकांनी चष्मा काढून ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "ह्यो नवो माणूस बरो आसा." त्यांनी विरोध मागे घेतला तो एवढ्या शब्दांत.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या बैठकीला काका आले, भावाशेजारी बसले, आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना बरंच कळलं असावं. माझा संशय.

मागच्या दसऱ्याला, काकांच्या नोकरीतल्या शेवटच्या, त्यांनी कुंकवाची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तू कर. मी मशीन बंद केलं, पुसलं, पंख्यातली धूळ काढली, हार घातला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालू केलं, एक छोटं बिल्ड लावलं आणि खूण काढून बघितली. नव्याची होती.

मी मागे वळले. इतकी वर्षं प्रत्येक बिल्डची खूण स्वतः काढून बघितल्याशिवाय चहा न घेणारे काका खिडकीत उभे राहून दाराचं सुकलेलं तोरण सोडवत होते.

"काका, खूण नाही बघणार?"

"तू बघलंस मां?" ते मागे न वळता म्हणाले. "मग झाला."

मी बघितली होती. तरी ते तोरण घेऊन बाहेर गेल्यावर मी पुन्हा एकदा बघितली.